कागद चोख, पेशंट गायब: सरकारी आरोग्य योजनांतली लबाडी पकडतात कशी?

२००६ च्या अखेरीस अमेरिकी आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांची माणसं दक्षिण फ्लोरिडात १,५८१ पत्त्यांवर न कळवता जाऊन धडकली. व्हीलचेअर, ऑक्सिजनची यंत्रं वगैरे पुरवणाऱ्यांचे हे पत्ते. ज्येष्ठांसाठीच्या ‘मेडिकेअर’ या सरकारी योजनेकडे बिलं पाठवण्याची त्या सगळ्यांना परवानगी होती. ४९१ ठिकाणी, म्हणजे जवळपास दर तिसऱ्या पत्त्यावर, एकतर दुकानच नव्हतं किंवा कामाच्या वेळेत तिथं कुणी नव्हतं. परवानग्या रद्द झाल्या. त्यानंतर सुमारे निम्म्यांनी अपील केलं आणि अपील करणाऱ्यांतल्या ९१ टक्क्यांना परवानगी परत मिळाली! सुनावणीत कोणता पुरावा पुरेसा मानायचा, याचा नियमच कुणी केला नव्हता.

कुलूप लावलेल्या दुकानाचं बिल सरकार मंजूर कसं करतं? बिलात चूक नसते म्हणून.

एरवी आपण पैसे देतो तेव्हा वस्तू आपल्या हातात असते. सरकारी आरोग्य योजनेत मात्र उपचार कोणते करायचे ते डॉक्टर ठरवतो, उपचार होतात पेशंटवर आणि पैसे देतं सरकार. हे सरकार त्या खोलीत कधीच नसतं. त्याच्यापर्यंत पोचतो तो एक अर्ज, म्हणजे क्लेम: पेशंटचा क्रमांक, आजाराचा कोड, उपचाराचा कोड, तारीख, रक्कम. मेडिकेअरकडे असे अर्ज वर्षाला १०० कोटींहून जास्त येतात. बिनचूक अर्जाचे पैसे ३० दिवसांत चुकते करावेत, असं कायदा सांगतो. भारतातल्या आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत ही मुदत १५ दिवसांची आहे. पेशंट दुसऱ्या राज्यातला असेल तर ३० दिवस.

ही घाई उगाच नाही. पैसे सहा-सहा महिने अडकले, तर छोटं रुग्णालय योजनेच्या पेशंटला दारातूनच परत पाठवायला लागतं. पण घाईची किंमत अशी की मेडिकेअरचे बहुतेक अर्ज माणसाच्या नजरेखालून जातच नाहीत. संगणक तपासतो: क्रमांक खरा आहे का, आजार आणि उपचार एकमेकांशी जुळतात का, पुरुषाच्या नावावर गर्भाशयाची शस्त्रक्रिया लावलेली नाही ना, तोच अर्ज दोनदा आलेला नाही ना. ‘हे खरंच घडलं का?’ हा प्रश्न संगणक विचारत नाही. विचारणार तरी कुणाला?

परिणाम उफराटा होतो. प्रामाणिक रुग्णालयातला कामाखाली दबलेला कारकून कोड चुकवतो, एखादी सही राहून जाते आणि त्याचं बिल अडकतं. ज्याला खोटंच बिल करायचं आहे तो असल्या चुका करत नाही. कोणते कोड बिनबोभाट जातात हे तो आधी चार बिलं पाठवून शिकून घेतो आणि मग तोच साचा हजार वेळा वापरतो.

लबाडीचे प्रकार

प्रकार मोजकेच आहेत, जगभर तेच आहेत. न केलेल्या उपचाराचं बिल लावणं. साध्या तपासणीला गुंतागुंतीच्या तपासणीचा कोड देणं. एकाच शस्त्रक्रियेचे तुकडे पाडून प्रत्येकाचं वेगळं बिल करणं. पेशंट पाठवणाऱ्याला कमिशन देणं, ज्याला आपण कट प्रॅक्टिस म्हणतो. दुसऱ्याच्या कार्डावर तिसऱ्याला दाखल करणं. आणि गरज नसलेली प्रक्रिया प्रत्यक्षात करून मोकळं होणं.

सगळ्यात वाईट हा शेवटचा प्रकार, आणि पकडायला सगळ्यात अवघडही तोच. बाकीच्यांत नुसते पैसे जातात, इथं माणसाच्या शरीराला कायमची इजा होते. शिवाय कागदावर काहीच खोटं नसतं. पेशंट खरा, डॉक्टर खरा, टाकेही खरे.

मिशिगनमधल्या एका कर्करोगतज्ज्ञाचं प्रकरण या संदर्भात समजून घेण्यासारखं आहे. २०१३ मध्ये त्याला अटक झाली, २०१५ मध्ये ४५ वर्षांची शिक्षा झाली. त्यानं गरज नसताना औषधं दिलेल्या पेशंटची संख्या ५५३ निघाली. त्यातल्या काहींना कर्करोग नव्हताच, तरी त्यांना केमोथेरपी दिली गेली होती. मेडिकेअरच्या संगणकाला यात खटकण्यासारखं काय दिसणार? निदानाचा कोड कर्करोगाचा, औषधाचा कोड केमोथेरपीचा, दोन्ही छान जुळलेले. तो सापडला ते त्याच्याच दवाखान्याच्या व्यवस्थापकानं तक्रार केली म्हणून. त्याआधी, २०१० मध्ये, तिथली पद्धत बघून एका परिचारिकेनं राज्याच्या यंत्रणेकडे तक्रार केली होती. नियमभंग आढळला नाही, असं उत्तर तिला मिळालं. मधली वर्षं उपचार चालूच राहिले.

आतली माणसं

खोलीत काय घडलं हे सांगू शकणारी माणसं दोनच: तिथं काम करणारा आणि पेशंट. देखरेखीची यंत्रणा कुठल्याही देशातली घ्या, या दोघांचं म्हणणं तिथं कसं पोचतं, पोचतं तरी का, हे मी आधी बघेन.

काम करणाऱ्यांसाठी अमेरिकेकडे एक जुनं हत्यार आहे. यादवी युद्धात पुरवठादार सैन्याच्या गळ्यात निकृष्ट माल मारत होते, म्हणून लिंकन यांच्या काळात, १८६३ मध्ये, खोट्या दाव्यांविरुद्धचा कायदा झाला. त्यातली तरतूद विलक्षण आहे. सरकारची फसवणूक ठाऊक असलेला कुणीही नागरिक सरकारच्या वतीनं दावा लावू शकतो. दावा निदान ६० दिवस मोहोरबंद राहतो. समोरच्याला पत्ता लागत नाही, तेवढ्यात सरकार चौकशी करतं आणि दाव्यात उतरायचं की नाही ते ठरवतं. दावा जिंकला तर फसवणाऱ्याला नुकसानीच्या तिप्पट रक्कम आणि वर प्रत्येक खोट्या बिलामागे दंड भरावा लागतो. सरकार दाव्यात उतरलेलं असेल तर वसुलीतला १५ ते २५ टक्के वाटा तक्रारदाराचा. तो एकटाच लढला तर २५ ते ३० टक्के. १९४३ मध्ये हा कायदा पुष्कळ बोथट केला गेला, १९८६ मध्ये त्याला पुन्हा धार आली. २०२४ या आर्थिक वर्षात नागरिकांनी असे ९७९ दावे लावले, हा तोवरचा उच्चांक. त्या वर्षी या कायद्याखाली झालेल्या २.९ अब्ज डॉलरच्या वसुलीपैकी १.६७ अब्ज डॉलर आरोग्यक्षेत्रातले होते.

तक्रार करणाऱ्याला पैसे देणं अनेकांना खटकतं. मला पूर्वीच नव्हे, आजही थोडं खटकतं. पण दुसऱ्या बाजूला काय आहे ते पाहा: नोकरी जाते, त्या क्षेत्रात दुसरी मिळत नाही, खटला वर्षानुवर्षं चालतो. केवळ सद्सद्विवेकाच्या भरवशावर माणसांनी हे सोसावं अशी अपेक्षा ठेवणारी यंत्रणा फुकटात काम करून घेऊ पाहते. भारतात जागल्यांना, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांना, संरक्षण देणारा कायदा २०१४ मध्ये संसदेनं मंजूर केला, पण तो लागू करण्याचा मुहूर्त वर्षानुवर्षं निघाला नाही. त्यात बक्षिसाची सोय नाही, आणि तो मुख्यतः सरकारी सेवकांच्या भ्रष्टाचारापुरता आहे. खासगी रुग्णालयातल्या परिचारिकेला त्याचा फारसा उपयोग नाही.

भारताची रचना

भारतानं योजना उभारताना वेगळा रस्ता धरला. अमेरिकेत आधी पैसे देऊन मग चोरामागे धावण्याची पद्धत रुजली होती. २०१८ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयातले उपचार मिळतात, आणि बहुतेक उपचारांना आधी मंजुरी लागते. उपचारांचे दर पॅकेजनुसार ठरलेले असतात, त्यामुळे एका शस्त्रक्रियेची दहा बिलं पाडायला वाव कमी. कार्डाची ओळख आधारशी जोडलेली असते. योजनेत सामील असलेल्या (अंगीकृत) रुग्णालयात पेशंटची ओळख पटवायला आणि त्याला मदत करायला आरोग्यमित्र बसतो. वर राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणात आणि राज्यांत फसवणूकविरोधी पथकं असतात.

यातला आरोग्यमित्र मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सरकार खोलीत नसतं या अडचणीवरचा तोच खरा तोडगा. निदान खोलीच्या दारापर्यंत तरी कुणी पोचतं. पण त्याचा पगार कोण देतं आणि रुग्णालयाशी वाकडं आलं तर त्याची पाठराखण कोण करतं, यावर तो किती बघेल आणि किती बोलेल हे ठरणार.

आधी मंजुरी घेण्याची पद्धतही कागदावरच चालते. मंजुरी देणारा डॉक्टर दूर कुठंतरी बसून रुग्णालयानं चढवलेले रिपोर्ट आणि फोटो पाहतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातल्या एका गावात मोफत तपासणी शिबिर झालं आणि तिथल्या १९ जणांना अहमदाबादच्या एका खासगी रुग्णालयात नेऊन त्यांची अँजिओग्राफी करण्यात आली. सात जणांना स्टेंट बसवले, दोघं दगावले. बरेच जण योजनेचे कार्डधारक होते. गरज नसताना प्रक्रिया केल्याचा ठपका राज्याच्या चौकशीत ठेवला गेला, गुन्हे दाखल झाले, रुग्णालयाला योजनेतून काढलं गेलं. प्रकरण बाहेर आलं ते गावकरी आणि नातेवाईक रुग्णालयात जाऊन संतापले तेव्हा.

पेशंटला विचारूनही उलगडा होणार नाही, अशीही प्रकरणं असतात. या योजनेआधीच्या राष्ट्रीय स्वास्थ्य बीमा योजनेच्या काळात बिहार, छत्तीसगड, राजस्थानात गरीब बायकांची गर्भाशयं गरज नसताना काढल्याच्या तक्रारी आल्या. ‘काढलं नाही तर कॅन्सर होईल’ असं ज्या बाईला सांगितलं गेलं ती तक्रार कशाला करेल? ती तर डॉक्टरांचे उपकार मानत असते. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयानं सगळ्या राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत स्वीकारायला सांगितली. इथं एकेक कागद तपासून काही हाती लागत नाही. एखाद्या तालुक्यात, एखाद्या रुग्णालयात, एखाद्या वयोगटात ही शस्त्रक्रिया शेजारच्यांपेक्षा कितीतरी पट जास्त का होते, हा प्रश्न आकडे शेजारीशेजारी मांडल्यावरच दिसतो. संगणकाचा खरा उपयोग तो हा.

कॅगचा अहवाल नीट वाचला तर

ऑगस्ट २०२३ मध्ये भारताच्या महालेखापरीक्षकांचा, म्हणजे कॅगचा, या योजनेवरचा अहवाल संसदेत मांडला गेला. ७,४९,८२० लाभार्थी ९९९९९९९९९९ या एकाच मोबाइल क्रमांकाशी जोडलेले निघाले. ८८८८८८८८८८ या क्रमांकाशी आणखी १,३९,३००. पोर्टलवर आधीच मृत दाखवलेल्या ३,४४६ पेशंटच्या नावावर उपचारांचे ६.९७ कोटी रुपये दिले गेले होते. ४३,१९७ कुटुंबांचा आकार ११ ते २०१ माणसांचा होता. एकच पेशंट एकाच वेळी दोन रुग्णालयांत दाखल असल्याच्या नोंदीही हजारोंनी सापडल्या.

गदारोळ झाला तेव्हा सरकारनं सांगितलं की लाभार्थ्याची ओळख पटवायला मोबाइल क्रमांक वापरतच नाहीत, तो फक्त संपर्कासाठी आहे. म्हणून त्यावरून चोरी सिद्ध होत नाही. दोन रुग्णालयांतल्या काही नोंदींचंही साधं कारण असू शकतं: बाळंतीण एका ठिकाणी, नवजात बाळ दुसरीकडे, आणि बाळाचे उपचार आईच्याच कार्डावर.

हे खुलासे खोटे नाहीत. मोबाइल नसलेल्या माणसाची नोंदणी करताना रकाना भरल्याशिवाय पुढं जाता येत नसेल, तर कोणताही ऑपरेटर दहा वेळा नऊ दाबून मोकळा होईल. पण ‘फक्त संपर्कासाठी’ या शब्दांत मोठी गोष्ट लपली आहे. ‘तुमच्यावर ही शस्त्रक्रिया झाली का? कुणी वरून पैसे मागितले का?’ हे विचारायला फोन करायचा तर तो याच क्रमांकावर. साडेसात लाख माणसांच्या बाबतीत तो फोन कुठंच लागत नाही. चोरी सिद्ध झाली नाही हे खरं, पण ती शोधायची एक वाट बंद झाली हेही तितकंच खरं.

आकड्यांचा घोळ

अमेरिकेत २०२४ या आर्थिक वर्षात मेडिकेअरच्या मूळ योजनेतले (जिथं सरकार स्वतः बिलं भरतं) ७.६६ टक्के पैसे, म्हणजे सुमारे ३१.७ अब्ज डॉलर, अयोग्य रीतीनं दिले गेले असा सरकारी अंदाज आहे. हा आकडा सर्रास ‘घोटाळ्याचा’ म्हणून फिरतो. तो घोटाळ्याचा नव्हे. तो काढताना नमुन्यादाखल काही बिलं निवडून त्यांची कागदपत्रं मागवतात. कागद आले नाहीत, अपुरे असले, सही नसली, तर ती रक्कम अयोग्य धरतात; उपचार प्रत्यक्षात झालेला असला तरीही. उलट सगळे कागद झकास बनवून केलेलं खोटं बिल या मोजणीत ‘योग्य’ म्हणून निघून जातं. या आकड्यात बरीच निष्पाप बिलं आहेत आणि बऱ्याच चोऱ्या नाहीत.

भारतातला आकडा उलट्या बाजूनं फसवतो. मार्च २०२५ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार ३.५६ लाख क्लेम, सुमारे ६४३ कोटी रुपयांचे, फसवणूकविरोधी तपासणीत नाकारले गेले. १,११४ रुग्णालयांना योजनेतून काढलं, १,५०४ रुग्णालयांना मिळून १२२ कोटींचा दंड झाला. तोवर योजनेतून सुमारे १.१९ लाख कोटी रुपयांचे उपचार झाले होते. म्हणजे नाकारलेली रक्कम अर्धा टक्का. यावरून फसवणूक कमी आहे असंही म्हणता येईल आणि पकडणारे कमी पडतात असंही. पकडलेल्या चोरांच्या संख्येवरून एकूण चोर किती हे कळत नाही. ते कळायला शेकडो-हजारो बिलं चिठ्ठ्या टाकून निवडावी लागतात आणि प्रत्येक पेशंटच्या घरी जाऊन विचारावं लागतं. हे काम खर्चाचं आहे, शिवाय निघालेला आकडा खात्याची लाज काढणारा असू शकतो. म्हणून ते क्वचितच होतं.

आणखी एक गफलत मुद्दाम केली जाते. बिलं नाकारून खर्च वाचवणं आणि फसवणूक रोखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किरकोळ त्रुटीवरून क्लेम अडवले की खात्याचे आकडे छान दिसतात, पण त्यात अडकतो तो कारकुनी कमी असलेला प्रामाणिक डॉक्टर. तो कंटाळून योजना सोडतो. मागं उरतात ते कागद रंगवण्यात तरबेज असलेले.

पेशंटनं पाहिलं तर

मेडिकेअर दर काही महिन्यांनी पेशंटला एक पत्रक पाठवतं: तुमच्या नावावर अमुक उपचारांचे अमुक पैसे मागितले गेले. २०२३ च्या आसपास असंख्य ज्येष्ठांना त्यात लघवीच्या नळ्यांची, कॅथेटरची, बिलं दिसली. त्यांना कॅथेटर लागत नव्हता आणि तो कधी घरी आलेलाही नव्हता. तक्रारींचा ओघ सुरू झाला.

या धाग्यावरून पुढं जे उघडकीला आलं ते अमेरिकी न्याय खात्यानं जून २०२५ मध्ये जाहीर केलं: दहा लाखांहून अधिक नागरिकांची ओळख चोरून १०.६ अब्ज डॉलरची खोटी बिलं लावली गेली होती. आधीपासून चालत असलेल्या, वैद्यकीय वस्तू पुरवणाऱ्या कंपन्या विकत घेऊन त्यांच्या नावानं बिलांचा पाऊस पाडला होता. मेडिकेअरनं यावेळी सावध राहून देय असलेल्या सुमारे ४.४५ अब्ज डॉलरपैकी फक्त ४.१ कोटी डॉलरच हातून जाऊ दिले, बाकी रोखले. याचं कौतुक करायला हवं. पण ज्या खासगी पूरक विमा कंपन्या मेडिकेअरच्या उरलेल्या रकमेचा भार उचलतात, त्यांनी याच बिलांवर सुमारे ९० कोटी डॉलर देऊन टाकले होते. सरकारनं पैसे थांबवले, तरी त्यांच्याकडून पैसे सुटत राहिले.

आता तर बिल हीच गोष्ट मागे पडते आहे. मेडिकेअरचे निम्म्याहून अधिक लाभार्थी खासगी कंपन्यांमार्फत चालणाऱ्या योजनेत गेले आहेत. तिथं सरकार प्रत्येक उपचाराचे नव्हे, प्रत्येक माणसामागे ठरावीक पैसे कंपनीला देतं, आणि माणूस जितका आजारी तितके जास्त. म्हणजे जादा उपचार दाखवून फायदा नाही. जादा आजार दाखवण्यात आहे. मधुमेहाच्या सोबतीला मूत्रपिंडाचा विकार, नैराश्य, रक्तवाहिन्यांचा आजार असं काही नोंदीत घातलं की दरवर्षीचा हप्ता वाढतो, आणि त्यावर एक गोळीही द्यावी लागत नाही. पेशंटच्या पत्रकात खोटा कॅथेटर दिसतो; न झालेला आजार दिसत नाही. मे २०२५ मध्ये सरकारनं जाहीर केलं की या कंपन्यांच्या नोंदी तपासणाऱ्यांची संख्या ४० वरून सुमारे २,००० करणार. हे दोन हजार जण तपासणार ते एवढंच, की कंपनीनं कळवलेला आजार डॉक्टरांच्या केसपेपरवर लिहिलेला आहे की नाही.